धर्मपीठापुढील तक्रार

या व्याख्यानमालेत आम्ही यापूर्वी दोन वेळा बोललो. दोन्ही वेळा विषय मजुरीचा होता आणि तो आमच्या हातातला होता. यंदा चालकांनी फळ्यावर आमच्या विषयाचे नाव लिहिले तेव्हा गावातील एका स्नेह्यांनी आम्हांला बाजारात अडवून विचारले, "मोहोळात ख्रिस्ती वस्ती ती केवढी! त्यात तुम्ही युनियनवाले. दुसऱ्याच्या धर्माच्या भानगडीत पडण्याचे तुम्हांला कारण काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून प्रथम त्याचेच उत्तर देतो.

एक तर ख्रिस्ती संस्था आपल्याला परक्या नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील कितीतरी माणसे मिरजेच्या मिशन इस्पितळात बरी होऊन घरी आली. आमचे वडील त्यांतलेच एक. मिशनच्या शाळांत सर्व जातिधर्मांची मुले शिकली. 2020 साली शेजारच्या उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरूच होते. ज्या संस्थांशी आपला असा व्यवहार आहे, त्यांच्या घरात तक्रारीचे काय होते, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा रोग एका धर्माचा नाही, फक्त धर्माचाही नाही. तो आम्ही आमच्या स्वतःच्या युनियनमध्ये पाहिला आहे. ती हकीगत पुढे सांगणारच आहोत. ती लपवून चर्चविषयी बोललो असतो, तर ते बोलणे खोटे ठरले असते.

विषय मांडावयाचा तो एवढाच. धर्मगुरूवर गैरवर्तनाचा आरोप आला म्हणजे चर्च ही संस्था काय करते, तसे का करते, आणि तिने काय करावयास हवे? आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि गावच्या वाचनालयात झाले. त्यामुळे या प्रश्नाकडे आम्ही धर्मशास्त्र्याच्या नव्हे, तर खातेनिहाय चौकशी जवळून पाहिलेल्या माणसाच्या नजरेने पाहणार.

जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. 2015 सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस एका तेरा वर्षांच्या मुलाने घरी येऊन आईला सांगितले, की चर्चमधील फादरने आपल्यावर अत्याचार केला. कुटुंब श्रद्धाळू. आई-वडिलांची पावले प्रथम पोलीस ठाण्याकडे वळली नाहीत; ती धर्मप्रांताच्या प्रमुखाकडे वळली. तीन दिवसांच्या आत त्यांनी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप, कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस, यांची भेट घेतली. कार्डिनल त्याच रात्री रोमला जावयाचे होते. त्यांनी सहायक बिशपांना अंतर्गत चौकशी करावयास सांगितले आणि ते गेले. पोलिसांना चर्चने नव्हे, तर मुलाच्या कुटुंबाने कळविले. धर्मगुरूला अटक झाली. त्याने आरोप नाकारला. खटला सहा वर्षे चालला आणि 2021 च्या डिसेंबरात मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

2019 च्या फेब्रुवारीत बी.बी.सी.ने हे प्रकरण जगापुढे मांडले. मुलाच्या आईची तक्रार अशी, की आम्ही ज्यांना आधार समजलो त्यांनी आम्हांला मदत केली नाही. कार्डिनलांनी हा आरोप मान्य केला नाही. मात्र पोलिसांना आपण ताबडतोब कळविले नव्हते, हे त्यांनी मान्य केले. योगायोग असा, की त्याच महिन्यात पोपनी जगभरच्या बिशपांची परिषद याच विषयावर रोमला बोलावली होती आणि तिच्या संयोजकांत हेच कार्डिनल होते.

या हकीगतीत एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कार्डिनल दुष्ट होते असे म्हणावयास आमच्याजवळ आधार नाही, आणि तसे आम्हांला म्हणावयाचेही नाही. त्यांनी तक्रार ऐकली आणि चौकशी सांगितली. तरी मुलाला न्याय मिळाला तो बाहेरच्या दाराने. माणूस बरा असूनही घरची यंत्रणा अपुरी पडते, ती का? त्यासाठी ती यंत्रणा समजून घ्यावी लागेल.

कॅथलिक चर्चमध्ये गावोगावच्या चर्चांचा मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप. आपल्या जिल्ह्यातील कॅथलिक चर्चे पुणे धर्मप्रांतात मोडतात. बिशपची नेमणूक रोमहून पोप करतात. त्याला काढण्याचा अधिकारही त्यांचाच. धर्मगुरूची नेमणूक, बदली, निवारा, म्हातारपणीची सोय, हे सारे बिशपच्या हाती. पण हे नाते मालक-नोकराचे मानले जात नाही. ते बाप-लेकाचे मानले जाते. धर्मगुरूने दीक्षेच्या वेळी बिशपच्या आज्ञेत राहण्याचे वचन दिलेले असते. प्रॉटेस्टंट पंथांत रीत निराळी. तेथे सिनॉड, म्हणजे निवडून आलेल्यांची सभा असते आणि तिच्या अनुमतीने कारभार चालतो. आपल्याकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या 1970 साली नागपुरास स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये आल्या, त्या या दुसऱ्या रीतीच्या.

आता धर्मगुरूविरुद्ध तक्रार आली म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे पायऱ्या अशा आहेत. तक्रारीत तथ्य दिसते की काय, हे पाहण्यासाठी बिशप प्राथमिक चौकशी करवितो. त्या काळात धर्मगुरूला उपासना चालविण्यापासून दूर ठेवता येते. तक्रार अज्ञान मुलासंबंधी असेल तर कागद रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाकडे जातात. तेथून आज्ञा होते, की खटला चालवावा किंवा बिशपने प्रशासकीय मार्गाने निर्णय करावा. सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे धर्मगुरुपद काढून घेणे. तुरुंग चर्चच्या हाती नाही. म्हणजे चर्चचा कायदा फार तर झगा उतरवू शकतो.

कारखान्यात कामगारावर आरोप आला म्हणजे काय होते, हे आमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आरोपपत्र मिळते, खुलासा मागतात, चौकशी अधिकारी नेमतात, साक्षीदारांची उलटतपासणी होते. आम्ही युनियनवाले तेथे पहिला आक्षेप कोणता घेतो? चौकशी अधिकारी मालकाच्या ताटातला नसावा, हा. कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे जुने तत्त्व आम्ही वर्षानुवर्षे मालकाच्या तोंडावर मारीत आलो. तेच तत्त्व बिशपच्या कचेरीला लावून पाहा. धर्मगुरूला नेमणारा बिशप, त्याचा पिता बिशप, संस्थेच्या अब्रूचा राखणदार बिशप, तिच्या तिजोरीचा जबाबदार बिशप आणि पहिला चौकशी करणाराही बिशपच. एका पागोट्याखाली पाच माणसे बसली आहेत! त्यांतील चौघांना तक्रार खोटी ठरावी असे वाटत असेल, तर पाचव्याने कितीही प्रामाणिक राहावे म्हटले तरी त्याचा आवाज ऐकू येणे कठीण.

अशा व्यवस्थेतून तीन सवयी जन्माला येतात. त्या जगभर सारख्याच आढळतात.

पहिली सवय बदलीची. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या एका दैनिकाने 2002 च्या जानेवारीत कागदपत्रांनिशी दाखवून दिले, की एका धर्मगुरूविरुद्ध मुलांच्या तक्रारी येत असतानाही त्याला एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलविण्यात आले. सुमारे तीस वर्षांच्या काळातील त्याच्या वर्तनाविषयी एकशेतीसहून अधिक लोक पुढे आले. नव्या चर्चच्या लोकांना जुन्या चर्चमध्ये काय घडले ते कोणी सांगितले नव्हते. तेथील कार्डिनलांना त्याच वर्षाच्या डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला. पण पुढे 2004 साली रोममधील एका मोठ्या देवळाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. आमच्याकडे लाचखाऊ तलाठ्याची बदली होते तेव्हा जुने गाव सुटकेचा श्वास टाकते. नव्या गावाचे काय, हे कोणी विचारीत नाही.

दुसरी सवय मौनाची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. मुलांवरील अत्याचाराच्या प्रकरणांचे कागद रोममध्ये 'पोपच्या गुप्ततेखाली' ठेवले जात. त्यामुळे तक्रार करणाऱ्यालाच आपल्या तक्रारीचे पुढे काय झाले ते पुष्कळदा कळत नसे. ही गुप्तता आरोपीच्या अब्रूसाठी आणि पीडिताच्या लाजेसाठी आहे, असे समर्थन होई. त्यात थोडे तथ्यही होते. पण जिच्यामुळे तक्रारदारालाच अंधारात राहावे लागते, ती गुप्तता तक्रारदाराची कशी म्हणावी?

तिसरी सवय सर्वांत वाईट. ती म्हणजे ओझे तक्रार करणाऱ्यावरच टाकणे. याचा दाखला आम्ही मुद्दाम चर्चबाहेरचा आणि मुंबईतलाच देतो, म्हणजे कोणास वाटू नये की आम्ही एकाच धर्माकडे बोट दाखवितो. 1860 च्या ऑक्टोबरात करसनदास मूळजी या सुधारकाने आपल्या 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वैष्णव संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यावेळी संप्रदायाने काय केले? आरोप खरा की खोटा, हे पाहण्यासाठी एखादी समिती नेमली काय? नाही. भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले, की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. साक्षीदार फोडण्याचा कट म्हणून त्यावर निराळा खटला झाला आणि पुढाऱ्यांना दंड झाला. मग मूळ दाव्यात आपल्या डॉक्टर भाऊ दाजी लाडांसारखी माणसे साक्षीला उभी राहिली. लेखातील आरोप खरे होते, हा करसनदासांचा बचाव मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने 1862 च्या एप्रिलात मान्य केला.

या खटल्याला दीडशेहून अधिक वर्षे झाली. आता केरळातील प्रकरण पाहा. 2018 च्या जूनमध्ये एका जोगिणीने, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनीने, जालंधरच्या बिशपांवर बलात्काराची फिर्याद दिली. सप्टेंबरात तिच्या पाच भगिनी कोचीच्या रस्त्यावर धरणे धरून बसल्या. धार्मिक वेषातील संन्यासिनी न्यायासाठी उघड्यावर बसलेल्या देशाने बहुधा प्रथमच पाहिल्या. मग बिशपांना अटक झाली. पुढच्या जानेवारीत त्या पाठीराख्या भगिनींच्या नावे बदलीचे हुकूम निघाले. संस्था म्हणाली, हा आमचा अंतर्गत कारभार आहे. तो अंतर्गत कारभार असेलही. पण संप संपताच पुढाऱ्याची बदली झाली, म्हणजे त्याचा अर्थ काय, हे गिरणीच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या पोरालाही कळते. भाटियांची जातपंचायत आणि ही बदली यांत रीत निराळी, वाट एकच.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अन्याय करू. त्या बिशपांना 2022 च्या 14 जानेवारीस कोट्टायमच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. निकालाविरुद्ध अपील दाखल झाले. 2023 मध्ये त्यांनी जालंधरच्या पदाचा राजीनामा दिला. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला आपण या व्यासपीठावरून दोषी म्हणावयाचे नाही. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. आमच्या उभ्या आयुष्यात आम्ही खोट्या आरोपपत्रांवर कामावरून काढलेल्या कामगारांचे खटले लढविले. खोट्या आरोपाने माणूस कसा खचतो, ते आम्ही त्यांच्या घरी बसून पाहिले आहे. धर्मगुरूची अब्रू ही तर त्याची सारी कमाई. म्हणून आमचे म्हणणे असे नाही, की तक्रार आली की धर्मगुरूला फासावर द्या. आमचे म्हणणे असे आहे, की चौकशी अशी असावी की निर्दोष ठरलेल्यालाही तिचा आधार वाटावा. घरच्या घरी 'काही आढळले नाही' असा शेरा मारला, तर निर्दोष माणसाच्या कपाळावरचा डागही पुसला जात नाही. लोक म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आता आमची हकीगत.

सुमारे तीस वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका सूतगिरणीत आम्ही युनियनचे काम करीत होतो. रीलिंग खात्यात बायका काम करीत. एक दिवस त्यांतील एक बाई संध्याकाळी कचेरीत आली आणि दाराशी उभी राहिली. जॉबर अंगचटीला येतो, पाळी लावताना अडवतो, असे तिने खाली पाहत सांगितले. जॉबर आमच्या युनियनचा खंदा सभासद. वर्गणी गोळा करण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. संपात त्याने लाठी खाल्लेली. शिवाय वेतनकराराची बोलणी अगदी तोंडावर. आम्ही कार्यकारिणीत बसलो आणि आपसांत बोललो. बाई खोटे बोलते, असे कोणीच म्हटले नाही. सगळे एवढेच म्हणाले, की ही वेळ नव्हे; मालकाच्या हाती कोलीत कशाला द्यावयाचे? आम्ही तिला सांगितले, "बाई, करार होऊ द्या, मग बघतो." आणि व्यवस्थापकाशी गुपचूप बोलून जॉबरला दुसऱ्या खात्यात हलविले.

करार चांगला झाला. दीड वर्षाने त्या दुसऱ्या खात्यातून एका पोरीचा बाप आमच्याकडे आला. तेव्हा आम्ही जुन्या बाईला साक्षीसाठी शोधावयास गेलो. तिने काम केव्हाच सोडले होते. उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडीत ती म्हणाली, "मालकाकडं न जाता तुमच्याकडं आले, ते तुम्ही आपले म्हणून." एवढेच. पुढे ती काही बोलली नाही आणि साक्षीलाही आली नाही. आम्हांला तिला दोष देता येत नव्हता.

बॉस्टनच्या कार्डिनलांची गोष्ट आम्ही पुढे वाचली तेव्हा आम्हांला ती परकी वाटली नाही. बदली, मौन, तक्रारदारावर ओझे. तिन्ही सवयी आम्हांला होत्या. आणि त्या आमच्यात आल्या, त्या आमचे काम वाईट होते म्हणून नव्हे. काम चांगले होते म्हणूनच आल्या. आपले कार्य पवित्र आहे असे ज्याला वाटते, तो त्या कार्याला डाग लागू नये म्हणून माणसाचा बळी देतो, आणि त्याला त्यागाचे नाव देतो. चोरांच्या टोळीला हा मोह होत नाही. तिला अब्रूच नसते. हा मोह देवळाला, चर्चला, मठाला, आश्रमाला, शाळेला, पक्षाला आणि युनियनला होतो. म्हणून चांगल्या संस्थेला तर बाहेरच्या न्यायाची गरज अधिक आहे.

चर्चने यातून काही शिकले काय? शिकले, आणि ते सांगितले पाहिजे. 2019 च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी नवा नियम काढला आणि 2023 साली तो कायमचा केला. त्याप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार घेण्याची कायम व्यवस्था असलीच पाहिजे. अशी गोष्ट कानी आली तर ती वर कळविणे धर्मगुरूंवर आणि संन्यासिनींवर बंधनकारक झाले. तक्रार करणाऱ्यावर मौन लादता येणार नाही आणि तक्रारीबद्दल त्याला त्रास देता येणार नाही, हे लेखी आले. तक्रार दडपणारा बिशपही चौकशीस पात्र ठरला. 2019 च्याच डिसेंबरात अशा प्रकरणांवरील 'पोपची गुप्तता' उठली. 2021 च्या डिसेंबरात चर्चच्या दंडविषयक कायद्याचा नवा मसुदा अमलात आला. फ्रान्समधील बिशपांनी तर एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी चर्चबाहेरच्या एका ज्येष्ठ विधिज्ञाच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आयोग बसविला. त्या आयोगाने 2021 च्या ऑक्टोबरात अंदाज दिला, की 1950 पासून सुमारे 2,16,000 मुले धर्मगुरू व धर्मबंधूंच्या अत्याचाराला बळी पडली असावीत. आकडा भयंकर आहे. पण तो बाहेर आला तो चर्चने स्वतःहून दार उघडले म्हणून, हेही विसरता कामा नये.

प्रॉटेस्टंटांत सभा असते, म्हणून तेथे सारे आलबेल असते, असेही नाही. 2024 च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप, यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. ख्रिस्ती शिबिरे चालविणाऱ्या एका वकिलाने मुलांवर केलेल्या अत्याचाराची गोष्ट त्यांना 2013 साली कळली होती. ती पोलिसांपर्यंत नेटाने पोहोचविली गेली नाही, असा ठपका चौकशी अहवालाने ठेवला. आपल्याकडे 2022 च्या सप्टेंबरात उत्तर भारत चर्चच्या तत्कालीन मॉडरेटरांना नागपूरच्या विमानतळावर अटक झाली. तेथे आरोप शाळांच्या पैशांच्या अफरातफरीचा होता आणि छापा घालणारे मध्य प्रदेश सरकारचे आर्थिक गुन्हे खाते होते. सभा असली तरी हिशेब बाहेरच्याने तपासावा लागतो, तो असा.

मात्र रोमचा नवा नियम झाला तरी चौकशी पुन्हा बिशपांकडेच राहते. बिशपवर आरोप असेल तर ती त्याच्या वरच्या आर्चबिशपकडे जाते. घर मोठे झाले, पण ते घरच राहिले. पोलिसांकडे जावयाचे की नाही, ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविले आहे. म्हणून आपला कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक नागरिकाने पाठ करावे.

2012 चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो सांगतो की मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे. 'ज्याला' म्हणजे कोणालाही. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, फादर, महाराज, मौलवी. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयीची माहिती दडविली, तर कैद एक वर्षापर्यंत आणि दंडही. म्हणजे अंतर्गत चौकशी खुशाल करा. पण पोलिसांना आधी कळवा.

येथे कोणी विचारील, की कॅथलिकांत पापनिवेदन असते आणि ते धर्मगुरूने प्राण गेला तरी कोणास सांगावयाचे नसते, त्याचे काय? चर्चच्या कायद्याने हे बंधन अजून कायम आहे आणि पोक्सो कायद्यात धर्मगुरूंसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. हा पेच खरा आहे. पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. मुंबईच्या मुलाची आई पापनिवेदन करावयास गेली नव्हती. ती तक्रार घेऊन गेली होती. बॉस्टनचे कागदही पापनिवेदनाचे नव्हते. ते कचेरीच्या कपाटातले पत्रव्यवहार होते. बहुतेक प्रकरणे कपाटात अडतात. आधी कपाट उघडावे. पापनिवेदनाचा पेच शास्त्र्यांनी मागाहून सोडवावा.

प्रौढ स्त्रियांसाठी 2013 चा कायदा आहे. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात घालून दिलेल्या नियमांतून तो आला. चर्चच्या शाळेतील शिक्षिका, इस्पितळातील परिचारिका, वसतिगृहातील स्वयंपाकीण, या सर्वांना तो लागू आहे. देवस्थानाच्या संस्थेत झाडलोट करणाऱ्या बाईलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे तक्रार समिती असलीच पाहिजे. तिच्या अध्यक्षपदी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. हा बाहेरचा सभासद म्हणजे या कायद्याचा प्राण आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, किंवा कामगार दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2017 साली कामाच्या ठिकाणच्या अशा तक्रारींसाठी आपले नियमही प्रसिद्ध केले. नियम आहेत. ते नोटिशीच्या फळ्यावर लागले आहेत की नाहीत, एवढेच पाहावयाचे.

शेवटी, श्रोत्यांनी घरी काय न्यावे? आम्ही चार प्रश्न देतो. आपले मूल ज्या शाळेत, ज्या वसतिगृहात, ज्या मठात किंवा शिबिरात आपण पाठवितो, तेथे ते विचारावेत. तक्रार घेणारा माणूस कोण, आणि तो संस्थेबाहेरचा आहे काय? तक्रार आल्यावर पोलिसांना किती वेळात कळविता? चौकशी चालू असता आरोपीला कामावरून दूर ठेवता काय? आणि तक्रार करणाऱ्याची बदली, नापास, हकालपट्टी होणार नाही याची हमी कोण देतो?

तिसऱ्या प्रश्नाविषयी दोन शब्द अधिक. निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. कारखान्यात निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस अर्धा पगार मिळतो, पुढे पाऊण. तो उपाशी राहू नये आणि चौकशीत ढवळाढवळही करू नये, हा त्यातील हेतू. धर्मगुरूलाही असेच सन्मानाने दूर ठेवावे. तो निर्दोष ठरला तर ज्या वेदीवरून उतरला त्याच वेदीवर लोकांसमक्ष परत आणावे. दोषी ठरला तर लोकांसमक्षच सांगावे. पण दुसऱ्या गावी पाठवू नये. दुसऱ्या गावीही मुले असतात.

हे प्रश्न विचारले तर संस्थाचालकांना राग येईल. आमच्या युनियनच्या कार्यकारिणीलाही आला होता, जेव्हा आम्ही प्रथम म्हणालो की स्त्री-कामगारांच्या तक्रारीसाठी युनियनबाहेरची एक बाई नेमू. "आपल्यावर आपलाच विश्वास नाही काय?" असे एका जुन्या सोबत्याने विचारले. आम्ही त्याला सूतगिरणीतील ती बाई आठवावयास सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग ठरावाखाली त्याने सही केली.

त्या ठरावाच्या आधीची दीड वर्षे आमच्या हिशेबी जमा आहेत. ती कोणत्याही चर्चच्या खाती टाकता येणार नाहीत.